जाचक नात्याची ओढ आणि तृष्णेचा नियम



या पाठात आपण ज्या दुःखाचा विचार करणार आहोत, ते अनेक घरांत आहे. परंतु विहारात वंदनेला जमलेल्या मंडळींपुढे त्याचा उच्चार सहसा कोणी करीत नाही. घरातील एखादी मुलगी एखाद्या तरुणावर जीव लावून बसते. तो तिच्यावर संशय घेतो, चारचौघांत पाणउतारा करतो, पैसे उकळतो, प्रसंगी हात उगारतो. ती रडत घरी येते आणि 'आता त्याचे नावही काढणार नाही' असे आईला सांगते. चार दिवस जातात, त्याचा फोन येतो आणि ती पुन्हा निघते. कोठे मुलाची हीच गत झालेली असते. जी त्याला आठवडा-आठवडा झुलवते आणि गरज पडली की बोलावते, तिच्यापायी तो हातची नोकरी घालवून बसतो. कोठे रीतीप्रमाणे लग्न करून दिलेली लेक अंगावर वळ घेऊन माहेरी येते, आणि जावई दारात उभा राहून दोन शब्द गोड बोलला की त्याच दिवशी पिशवी भरते.

अशा वेळी घरचे लोक कपाळाला हात लावतात आणि विचारतात, 'एवढे सोसून ही पुन्हा जाते तरी कशी?' या प्रश्नाची उत्तरे ठरलेली आहेत. कोणी म्हणतो, खरे प्रेम असेच आंधळे असते. कोणी म्हणतो, गेल्या जन्मीचे देणे आहे, ते फेडावेच लागेल. कोणी म्हणतो, तिला काहीतरी खाऊ घातले आहे, करणी केली आहे. आणि कोणी सरळच म्हणतो, तिलाच मार खाण्याची हौस आहे.

ही चारही उत्तरे चुकीची आहेत, आणि उत्तर चुकले की उपायही चुकतो. भगवान बुद्धांची शिकवण अशी की, दुःखाला कारण असते, आणि कारण दूर झाले की दुःखही दूर होते. जाचक नात्याच्या ओढीलाही कारण आहे. ते कारण समजून घेणे आणि त्यावरून उपाय शोधणे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

१. भद्रेची कथा

बुद्धकाळी राजगृह नगरीत एका श्रेष्ठीच्या घरी भद्रा नावाची मुलगी होती. तिची कथा थेरीगाथेच्या अट्ठकथेत आली आहे. त्याच नगरीतील राजपुरोहिताचा मुलगा सत्तुक हा चोरीच्या मार्गाला लागला होता. तो पकडला गेला. त्याला वधस्थानाकडे नेत असताना भद्रेने खिडकीतून त्याला पाहिले आणि पाहताक्षणी ती त्याच्यावर भाळली. 'हा मिळाला तरच जगेन' म्हणून तिने अंथरूण धरले. मुलीवर अतोनात माया असलेल्या बापाने पहारेकऱ्याला लाच दिली, त्या चोराला सोडवून घरी आणले, न्हाऊ-माखू घातले आणि मुलीच्या स्वाधीन केले.

भद्रा दागदागिने घालून त्याच्या सेवेत राहू लागली. सत्तुकाची नजर मात्र त्या दागिन्यांवर होती. थोड्याच दिवसांत त्याने बतावणी केली की, जीव वाचावा म्हणून आपण चोरकड्यावरील देवतेला नवस बोललो होतो, तो फेडला पाहिजे. भद्रेने पूजेची तयारी केली, सर्व दागिने अंगावर घातले आणि ती त्याच्याबरोबर निघाली. बरोबरच्या माणसांना त्याने मध्येच थांबविले. कडा चढताना तो तिच्याशी एक शब्दही मायेने बोलला नाही. त्याच्या त्या वागण्यावरून भद्रेने त्याचा हेतू ओळखला. वर पोहोचल्यावर त्याने दागिने उतरविण्यास सांगितले. तेव्हा एकदा शेवटचे आलिंगन देऊ दे, असे म्हणून ती जवळ गेली आणि तिने त्याला कड्यावरून खाली लोटले.

ही कथा आपण कोणाला लोटण्यासाठी वाचत नाही. त्या निर्जन कड्यावर भद्रेला दुसरा आधार नव्हता. आज तो आहे, त्याचे पुढे सांगू. येथे ध्यानात घ्यावयाच्या गोष्टी तीन आहेत. पहिली, भद्रेने सत्तुकाला ओळखले नव्हते, फक्त पाहिले होते. बाकीचा सत्तुक तिच्या मनाने तयार केला होता. दुसरी, बापाने मुलीचे त्या दिवसाचे रडणे थांबविले, परंतु रडण्याचे मूळ तसेच ठेवले. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. भद्रेची सुटका कड्याच्या टोकावर सुरू झाली नाही. चढणीवर ज्या क्षणी तिने त्याचे बोलणे बाजूला ठेवून त्याचे वागणे पाहिले, त्या क्षणी ती सुरू झाली.

पुढे भद्रा घरी परत गेली नाही. ती निगंठांच्या पंथात गेली. तेथे तिचे केस उपटण्यात आले. ते पुन्हा कुरळे उगवले, म्हणून तिला कुंडलकेशा म्हणू लागले. ती गावोगाव वाद करीत फिरली, श्रावस्तीत सारिपुत्तांसमोर निरुत्तर झाली आणि भिक्खुणी संघात आली. अंगुत्तर निकायात, ज्यांना शीघ्र ज्ञान प्राप्त झाले अशा भिक्खुणींत तिला अग्रस्थान दिले आहे. जी स्त्री एका चोराच्या मागे कड्यापर्यंत गेली, तीच बुद्धीने सर्वांत चपळ ठरली! तेव्हा अशा ओढीत सापडलेली व्यक्ती मूर्ख असते, हा समज आधी मनातून काढून टाका.

२. वेदनेपासून उपादानापर्यंत

प्रतीत्यसमुत्पादाच्या बारा कड्यांपैकी चार कड्या या विषयासाठी पुरेशा आहेत : स्पर्श, वेदना, तृष्णा आणि उपादान. पालीत वेदना या शब्दाचा अर्थ केवळ दुखणे असा नाही. सुखद, दुःखद किंवा यांपैकी कोणताही नसलेला, असा जो अनुभव येतो त्याला वेदना म्हणतात.

आता पाहा. फोन वाजतो, त्यावर त्याचे नाव दिसते. हा स्पर्श झाला. छातीत एकदम धडधडते, बरे वाटते. ही वेदना झाली. 'आता बोललेच पाहिजे, आताच बोलले पाहिजे' असे मन धावू लागते. ही तृष्णा झाली. आणि 'त्याच्यावाचून मी कोणीच नाही' अशी पक्की पकड बसते. हे उपादान झाले. दिव्याला तेल मिळत राहिले की ज्योत जळत राहते, तसे उपादानामुळे दुःख जळत राहते. उपादान या शब्दाचा एक अर्थच मुळी इंधन असा आहे.

यात एक गोष्ट उमेद देणारी आहे. वेदना आपल्या हुकमात नाही. छाती धडधडू नये, असे कितीही ठरविले तरी ती धडधडणार. परंतु वेदना आणि तृष्णा यांच्या मध्ये थोडीशी जागा असते. धम्माचा सर्व अभ्यास त्या जागेत उभे राहण्याचा आहे. 'मला बरे वाटत आहे' एवढे जाणून थांबणे आणि 'मला तो हवाच आहे' म्हणून धावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. कधी मिळते, कधी मिळत नाही

येथे कोणी विचारील, सुखद अनुभवामागे मन धावते हे खरे. परंतु जेथे सुख थोडे आणि जाच अधिक, तेथे ओढ कमी व्हावयास हवी. प्रत्यक्षात ती वाढते, असे का?

याचे उत्तर मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगाने दिले आहे. अमेरिकेतील बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले आणि १९५७ साली सी. बी. फर्स्टर यांच्याबरोबर त्यावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. पेटीतील एका चकतीवर चोच मारली की कबुतराला दाणे मिळत. ज्या कबुतराला प्रत्येक वेळी दाणे मिळाले, त्याचे दाणे बंद करताच त्याने लवकरच चोच मारणे सोडले. ज्याला कधी दोन वेळा चोच मारल्यावर, कधी पन्नास वेळा मारल्यावर दाणे मिळाले, ते कबुतर मात्र दाणे बंद झाल्यानंतरही कितीतरी अधिक वेळ चोच मारीत राहिले. 'कदाचित पुढच्या वेळी मिळेल' ही आशाच त्याला बांधून ठेवते.

मटक्याचा नाद लागलेला माणूस आपण पाहिला आहे. त्याला रोज हरवले तर तो आठ दिवसांत आकडा लावणे सोडील. महिन्यातून एकदा आकडा लागतो, म्हणून तो घरातील भांडीही विकतो. मेंदूतही हीच गोष्ट आढळते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी १९९० च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ठरल्याप्रमाणे मिळालेल्या खाऊपेक्षा अनपेक्षित मिळालेल्या खाऊच्या वेळी मेंदूतील डोपामीन या द्रव्याच्या पेशी अधिक चेततात.

जाचक नात्यात नेमके हेच घडते. अमेरिकेतील लेनोर वॉकर यांनी १९७९ साली मारहाण सोसणाऱ्या स्त्रियांविषयी पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी तीन अवस्था दाखविल्या : आधी घरात ताण वाढत जातो, मग मारहाण होते, आणि मग माफी, रडणे, नवी साडी, 'तुझ्यावाचून मला कोण आहे' असे लाडीगोडीचे दिवस येतात. तिसरी अवस्था ओसरली की पहिली पुन्हा सुरू होते. बाहेरच्या माणसाला मारहाण दिसते. आत असलेल्या व्यक्तीला त्यानंतरचे गोड दिवस आठवतात. ज्या हाताने जखम केली, तोच हात मलम लावतो. म्हणून दुःख झाले की मन त्याच हाताकडे धावते.

कॅनडातील डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी या बंधाचा अभ्यास केला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, जाचक नाते सोडून आलेल्या ७५ स्त्रिया होत्या. ओढ घट्ट होण्याची दोन मोठी कारणे त्यांना आढळली : एक म्हणजे दोघांच्या सत्तेतील मोठी तफावत, आणि दुसरे म्हणजे कधी प्रेम, कधी छळ असे आलटून पालटून होणारे वागणे. सहा महिन्यांनंतर पुन्हा पाहिले, तेव्हा त्या स्त्रियांची ओढ सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे ओढ कमी होते, परंतु सहा महिन्यांतही ती पूर्ण जात नाही. आठ दिवसांत लेक 'ताळ्यावर' यावी, अशी अपेक्षा करणाऱ्या आईबापांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

भगवान बुद्धांनी पोतलिय नावाच्या गृहपतीला कामभोगाविषयी एक उपमा सांगितली होती. भुकेल्या कुत्र्यापुढे खाटीक एक हाड टाकतो. हाडाला मांस नाही, फक्त थोडे रक्त माखलेले आहे. कुत्रा ते चघळत राहतो. दमतो, पण त्याची भूक भागत नाही. हाड अगदी कोरडे असते तर कुत्र्याने ते केव्हाच टाकले असते. रक्ताच्या त्या थोड्याशा चवीने त्याला बांधून ठेवले. जाचक नात्यातील अधूनमधूनचा गोडवा म्हणजे हाडावरचे रक्त होय.

४. माकड पाच ठिकाणी कसे चिकटते

संयुत्त निकायात एक दृष्टांत आहे. हिमालयाच्या प्रदेशात शिकारी माकडांच्या वाटेवर चिकट लेप लावून ठेवतात. शहाणी माकडे तो पाहून दूर जातात. एक लोभी माकड त्याला हात लावते, हात चिकटतो. तो सोडविण्यासाठी ते दुसरा हात लावते, तोही चिकटतो. मग एक पाय, मग दुसरा पाय, आणि शेवटी तोंड. पाच ठिकाणी अडकलेल्या माकडाला शिकारी पाहिजे तिकडे घेऊन जातो.

आपल्या विषयाला हा दृष्टांत चपखल लागू पडतो. पहिला हात आवडीने चिकटतो. मग जाच सुरू होतो, तेव्हा 'मी त्याला सुधारीन' म्हणून दुसरा हात लावला जातो. त्याच्यासाठी उसनवार होते, दागिना मोडला जातो. हा एक पाय. त्याला आवडत नाहीत म्हणून मैत्रिणी सुटतात, भाऊ-बहिणींशी बोलणे बंद होते. हा दुसरा पाय. आणि 'पडले म्हणून लागले' असे घरी खोटे सांगण्याची वेळ येते, तेव्हा तोंडही चिकटते. आता मदत मागण्याचीही सोय राहिली नाही. प्रत्येक नवे पाऊल सुटण्यासाठीच टाकलेले होते, हे ध्यानात घ्या. म्हणून 'एवढे दिवस काय झोपली होतीस?' हा प्रश्न विचारणे म्हणजे अडकलेल्या माकडाला काठीने मारणे होय.

५. प्रेम कोणते, तृष्णा कोणती?

येथे एक खुलासा आवश्यक आहे. धम्म प्रेमाच्या विरुद्ध नाही, तरुण-तरुणींनी आपल्या पसंतीने लग्न करण्याच्या विरुद्ध तर मुळीच नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे उच्चाटन' या निबंधात आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय मानला आहे. तेव्हा मुलाची जात वेगळी आहे, किंवा मुलीने स्वतः निवड केली आहे, एवढ्यावरून कोणी त्या नात्याला तृष्णा म्हणू लागला, तर तो धम्माच्या नावाखाली जातच चालवितो असे समजावे. जाचक नाते पसंतीच्या लग्नात असू शकते, तसे ते पत्रिका छापून, मांडव घालून केलेल्या लग्नातही असू शकते. पाहावयाचे ते वागणे.

आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात सांगितले आहे की, मैत्रीचा एक शत्रू दूरचा आहे आणि एक जवळचा. द्वेष हा दूरचा शत्रू. तो लगेच ओळखू येतो. जवळचा शत्रू राग होय. पालीत राग म्हणजे संताप नव्हे, तर आसक्ती. तो मैत्रीसारखाच दिसतो, मैत्रीच्याच वेषात घरात शिरतो. दोहोंतील फरक असा : मैत्री म्हणते, 'तुझे भले होवो', आसक्ती म्हणते, 'तू माझ्या मुठीत राहा'. जो 'तू सोडून गेलीस तर मी जीव देईन' किंवा 'तुझा चेहरा कोणाला दाखविण्याजोगा ठेवणार नाही' असे म्हणतो, त्याच्या बोलण्यात प्रेम शोधू नये.

दुसरी कसोटी सिगालोवाद सुत्तात आहे. गृहस्थ सिगालाला भगवंतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली : पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्याकडे देणे आणि तिला अलंकार देणे. सत्तुकाने अलंकार देण्याऐवजी काढून घेण्यासाठी कडा चढविला. पत्नीचीही कर्तव्ये त्याच सुत्तात आहेत. म्हणजे व्यवहार दुहेरी आहे. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनीही हेच सांगितले, की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे आणि त्याची दासी होण्यास नकार द्यावा. आपल्या घरातील नाते या पाच कर्तव्यांपुढे ठेवून पाहा. कागदावर मांडले की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात.

६. जुन्या समजुतींची बेडी

दीक्षा घेतली, घरातील देव काढले, तरी काही समजुती मनाच्या कोपऱ्यात राहून जातात. 'गेल्या जन्मीचे देणे' ही त्यांपैकी एक. मनुष्य जे जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत भगवान बुद्धांनी अंगुत्तर निकायात स्पष्टपणे नाकारले आहे. कारण ते मानले तर काय करावे आणि काय करू नये, या प्रयत्नाला अर्थच उरत नाही. नवरा मारतो याचे कारण गेल्या जन्मात नाही. ते त्याच्या आजच्या वागण्यात आहे.

वडाला फेऱ्या मारून सात जन्म हाच पती मागावा, ही शिकवण ज्या परंपरेतून आली ती आपण सोडली. परंतु 'बाईने सोसावे, एक दिवस तो सुधारेल' हे तिचेच धाकटे भावंड अनेक बौद्ध घरांत अजून नांदते आहे. त्यालाही निरोप द्या.

तिसरी समजूत करणीची. मुलगी ऐकत नाही म्हणून तिला भगताकडे नेणे, गंडा-दोरा बांधणे, अंगारा लावणे यांनी तृष्णा उतरत नाही. उलट, आधीच घाबरलेल्या जिवाला आणखी एका ठिकाणी मार बसतो. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे.

७. सुटण्याचा मार्ग

हे शब्द, जी व्यक्ती स्वतः अशा नात्यात आहे, तिला उद्देशून आहेत.

पहिले : वागणे लिहून काढा. महिन्याभरात कोणत्या दिवशी काय झाले, ते तारखेनिशी एका वहीत लिहा. ओढ लागली की मन फक्त गोड दिवस पुढे करते. वही सर्व दिवस दाखविते. ही वही त्याच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी, विश्वासू मैत्रिणीकडे ठेवावी.

दुसरे : स्पर्शाची कडी तोडा. मटका सोडणाऱ्याने अड्ड्यावरून येणे-जाणे ठेवू नये, तसे येथे फोन, निरोप, फोटो, 'फक्त एकदाच भेट' हे सर्व बंद करावे लागते. महिन्यातून एकदा बोलणे हे थोडे बोलणे नव्हे. कबुतराला एकच दाणा टाकण्यासारखे ते आहे. मुलांमुळे किंवा कोर्टाच्या कामामुळे बोलावेच लागत असेल, तर तिसऱ्या माणसामार्फत, कामापुरते बोलावे.

तिसरे : पहिल्या दिवसांच्या त्रासाला घाबरू नका. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, हात फोनकडे जातो. मागन्दिय सुत्तात कुष्ठरोग्याची उपमा आहे. तो निखाऱ्यांवर जखमा शेकतो, क्षणभर बरे वाटते, आणि जखमा अधिक चिघळतात. परत जाण्याने वाटणारे बरे हे त्याच जातीचे आहे. अमेरिकेतील हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुकताच प्रेमभंग झालेल्या १५ व्यक्तींच्या मेंदूचे निरीक्षण केले. सोडून गेलेल्या व्यक्तीचा फोटो पाहताना, कोकेनसारख्या अमली पदार्थाच्या ओढीशी संबंधित असे भाग त्यांच्या मेंदूत चेतलेले दिसले. म्हणजे तुमचा त्रास हे नाटक नाही. परंतु ज्यांना अधिक दिवस झाले होते, त्यांच्यात आसक्तीशी संबंधित एका भागाची हालचाल कमी आढळली. दिवस तुमच्या बाजूने काम करीत असतात. त्यांना काम करू द्या.

चौथे : मनाला दुसरी खुंटी द्या. वितक्कसण्ठान सुत्तात भगवंतांनी सुताराची उपमा दिली आहे. सुतार जाड खुंटी काढण्यासाठी तिच्या जागी बारीक खुंटी ठोकतो. विचार नुसता दाबून जात नाही; त्या जागी दुसरा चांगला विचार आणि दुसरे काम आणावे लागते. अर्धवट राहिलेले शिक्षण, शिवणकाम, वाचनालय, विहारातील मुलांचा वर्ग, काहीही चालेल. एकटे बसू नका.

पाचवे : मैत्रीभावना स्वतःपासून सुरू करा. विसुद्धिमग्गात मैत्रीभावनेचा क्रम सांगितला आहे, त्यात पहिले स्थान स्वतःचे आहे. आणि अतिशय प्रिय व्यक्तीपासून आरंभ करू नये असे म्हटले आहे. 'मी सुखी होवो, मी निर्भय होवो' असे रोज दहा मिनिटे मनात धरा. ज्याने तुम्हाला छळले, त्याच्याविषयी पुढे द्वेष न ठेवणे हाही धम्मच आहे. परंतु द्वेष न ठेवण्यासाठी त्याच्याकडे परत जाण्याची गरज नाही.

८. घरच्यांचे आणि वस्तीचे कर्तव्य

आई, वडील, भाऊ यांनी ध्यानात ठेवावे की, कोंडून ठेवणे आणि मारणे यांनी मुलगी त्याच्यापासून सुटत नाही. घरचा मार आणि बाहेरचा मार यांत तिला निवड करावयास लावली, तर बाहेरच्या मारानंतर गोड शब्द तरी मिळतात, असे तिचे मन म्हणेल. दार उघडे ठेवा. ती तिसऱ्यांदा परत आली तरी पहिल्यांदा आल्यासारखे पाणी द्या. 'समाजात तोंड कसे दाखवू' हा प्रश्न तिच्यासमोर काढू नका. घाईघाईने दुसरीकडे लग्न उरकून देणे हाही उपाय नव्हे. भद्रेच्या बापाने जी चूक केली तीच ती, फक्त उलट्या बाजूने.

सोडण्याची वेळ ही पुष्कळदा सर्वांत धोक्याची वेळ असते. म्हणून तिने एकटीने 'शेवटचे बोलण्यास' जाऊ नये. कागदपत्रे, थोडे पैसे आणि मुलांचे दाखले आधीच सुरक्षित जागी हलवावेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. तो पत्नीप्रमाणेच, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही संरक्षण देतो. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत न्यायालयाकडे अर्ज करता येतो. पूर्वीच्या कलम ४९८-अ मधील तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे, आणि स्त्रीचा सतत पाठलाग करणे हा कलम ७८ खाली गुन्हा आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू होतो. त्यात क्रूरता हे घटस्फोटाचे कारण मान्य आहे. तातडीच्या मदतीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१, आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवा. जीव देण्याचे विचार येत असतील तर ते गुपित ठेवू नका; त्याच दिवशी जवळच्या माणसाला आणि डॉक्टरला सांगा. मुलगा असेल तरी हेच लागू आहे. 'मर्द असून रडतोस काय' म्हणून त्याला गप्प बसवू नका.

आणि ज्या घरात जाच करणारा आपलाच मुलगा असेल, त्या घराचे कर्तव्य अधिक कठीण आहे. त्याच्या बाजूने खोटी साक्ष देणे हा पंचशीलातील चौथ्या शीलाचा भंग होय. त्याला पाठीशी घालणारी आई आणि सत्तुकाला न्हाऊ घालणारा श्रेष्ठी, यांत फारसा फरक नाही.

उपासक-उपासिकांनो, ज्याला कारण आहे ते त्या कारणाबरोबर संपते, हा नियम या दुःखालाही लागू आहे. ओढ आहे म्हणून ते प्रेमच असले पाहिजे असे नाही, आणि ओढ आहे म्हणून ती जन्मभर राहील असेही नाही. हाडावरचे रक्त ओळखा आणि ते हाड खाली ठेवा. हात काही दिवस रिकामा वाटेल. त्या रिकाम्या हाताला घरच्यांनी धरावे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. वेदना आणि तृष्णा यांत फरक काय? रोजच्या जीवनातील एक उदाहरण सांगा.

२. प्रत्येक वेळी दाणे मिळणारे कबुतर आणि कधीकधी दाणे मिळणारे कबुतर, यांपैकी कोण अधिक काळ चोच मारते? का?

३. सिगालोवाद सुत्तातील पतीची पाच कर्तव्ये कोणती? आपल्या घरात त्यांपैकी किती पाळली जातात?

४. भद्रेच्या वडिलांच्या जागी आपण असतो, तर काय केले असते?

५. आपल्या घरातील लेक किंवा लेक झालेली सून आज मदत मागावयास आली, तर तिला प्रथम कोणते वाक्य ऐकू येईल?